व्याह्यांच्या खिशात माझं नाव

चहा घ्या, पण ऐकताना घोट तोंडात धरू नका, ठसका लागते. मागं आमच्या शेजारणीले लागला होता, नाकातून आला होता चहा! तर मी अशी माती खाल्ली, अशी माती खाल्ली, का आजही लाखनीत कोणी रुमाल झटकला का मी मान खाली घालतो.

झालं असं, का आमच्या रेणूचं लग्न नागपूरले झालं. पोरगा चांगला, घर चांगलं. पण मानपानात घोळ झाला. विहीणबाईले दिलेल्या साडीच्या पदरातच भोक निघालं! आता दुकानात काय मी भिंग लावून बसली होती? विहीणबाई शाळेत मास्तरीण. भांडल्या नाही, ओरडल्या नाही. साडीची घडी घातली अन् रेणूच्या हातात दिली, "ठेव तुझ्याजवळ." बस! त्या दिवसापासून मी फोनवर सारं गाव सांगावं, अन् त्यांनी म्हणावं, "हो का."

याचा जाच कोणाले? माझ्या पोरीले! एक दिवस फोनवर रडलीच. "आई, वाईट नाही वागत वो त्या. पण मोकळ्याच होत नाही. मले त्या घरात पाहुण्यासारखं वाटते."

आता सांगा, मायच्या जिवाले काय वाटन? पहिली दिवाळी येऊन राहिली होती. दिवाळसणाले जावई, व्याही, विहीणबाई सारे येणार. मी ठरवलं, काही होवो, या दिवाळीले विहीणबाईंच्या मनातली ती साडी काढायचीच.

मग रेणूनंच एक फोटो धाडला. पांढऱ्याशुभ्र उशा, रुमाल, अन् त्यावर जुन्या काळचं भरतकाम. वेलबुट्टीत गुंफलेली नावाची पहिली अक्षरं. म्हणे, "आई, सासूबाईंच्या माहेरी असं सामान होतं. फार आठवण काढतात. तुले येते ना असं? दिवाळीले साऱ्यांना असंच काही दे ना."

येते ना म्हणजे? अवो, मी हातमागावरच्या घरची पोरगी! साखळी टाका, गाठीचा टाका, भरीव टाका, काय पाहिजे ते बोला. लग्नाआधी माहेरची अर्धी मोहाडी माझ्याकडून उशा भरून नेत होती.

झालं! पेटी उघडली, भरतकामाची रिंग काढली, रेशमी धागे आणले अन् बसली. आमचे हे रोज दुपारी दारातून विचारत, "आज जेवण भेटन का?"

"वरण गरम करून घ्या," मी म्हणे. "दिसत नाही? मी सोयरीक सांभाळून राहिली!"

आता मुद्द्यावर येतो. अक्षर कोणाचं भरायचं? खरं सांगतो, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. तुमच्या आला असता का? आपल्या इकडे वस्तूवर नाव कोणाचं राहते? देणाऱ्याचं! लग्नातली परात पहा, पाण्याचा गुंड पहा, भिंतीवरचं घड्याळ पहा. देवळातला पंखा पहा, देणाऱ्याचं नाव कसं गरगर फिरते! घेणाऱ्याचं नाव कायले टाकायचं? त्याले त्याचं नाव माहीत नाही काय?

म्हणून मी व्याह्यांच्या रुमालांवर भरलं 'सु'. सुमन, म्हणजे मी. भोवती गुलाबाच्या कळ्या. जावई अन् रेणूच्या उशांच्या अभ्र्यांवर भरलं 'सु' अन् 'भा', एकमेकात गुंफून. 'भा' म्हणजे आमचे हे. यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण सुईनं घ्यायले काय हरकत? अन् विहीणबाईसाठी खास कोशाच्या रेशमाची शाल. तिच्यावर तळहाताएवढं 'सु'! सहजासहजी विसरल्या नाही पाहिजे.

यांनी एकदा वाकून पाह्यलं होतं. "हे आपलंच नाव कायले?"

"मग शेजाऱ्याचं टाकू काय?"

"तेही खरं आहे," म्हणे अन् गेले वरण गरम करायले. नवरा असा असला तर बायकोले कोण वाचवन?

पाडव्याले सारे जमले. ओवाळणं झालं, अनारसे झाले. विहीणबाईंचं चालूच होतं, "हो का." मी म्हणलं थांबा, आता पहा माझा हुकमाचा पत्ता! अन् पाकिटं वाटली.

व्याही साधा माणूस. त्यांनी पहिले उघडलं. "वा! काय काम आहे!" लगेच एक रुमाल घेतला, कपाळ पुसलं अन् शर्टाच्या खिशात असा खोचला, का अक्षर बरोबर बाहेर.

विहीणबाईंनी चष्मा वर केला. "सु? सु कोण?"

मी छाती फुगवून म्हणलं, "मी! सुमन!"



"तुम्ही," विहीणबाई एकेक शब्द सुटा करून बोलल्या, "माझ्या नवऱ्याला, तुमच्या नावाचा रुमाल, भरून दिलात?"

"एकच नाही जी, चांगले अर्धा डझन आहेत! रोज एक वापरू द्या!"

तिकडे जावयानं अभ्रे उघडले होते. "आई, हे सु अन् भा..."

"मी अन् तुमचे सासरे, बापू."

"आणि हे आमच्या पलंगावर?"

"मग! रोज डोक्याखाली आमचा आशीर्वाद!"

रेणूनं ओढणीत तोंड लपवलं. मले वाटलं, पोरगी लाजली. मीही लाजली थोडी.

विहीणबाईंनी शाल उलगडली. ते तळहाताएवढं 'सु' पाहून म्हणाल्या, "म्हणजे मी शाळेत हे पांघरून जायचं?"

"जा ना! साऱ्याजणी विचारतीन."

"विचारतीलच. सु कोण, म्हणून विचारतील. आणि तेवढ्यात हे मला घ्यायला येतील आणि खिशातून रुमाल काढतील."

रेणूनं मले दंडाले धरून स्वयंपाकघरात ओढलं. "आई! ज्याले देतो त्याचं अक्षर भरतात वो!"

अरे देवा! फोटोतल्या साऱ्या उशा डोळ्यापुढं फिरल्या. साडीचं भोक तर बरं होतं, निदान त्यावर माझं नाव तरी नव्हतं! माझ्या हातानं मी पोरीच्या संसारात बिब्बा घातला, असं वाटलं अन् डोळे भरून आले. तशीच बाहेर गेली.

"विहीणबाई, आमच्याकडे देणाऱ्याचंच नाव टाकतात. परात दाखवू का? मले खरंच समजलं नाही. लग्नात साडी खराब निघाली, तेव्हापासून माझ्या जिवाले घोर आहे. ते भरून काढायले बसली होती, तर हे करून बसली. राग धरायचा तर माझ्यावर धरा, माझ्या पोरीवर नको."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाह्यलं. मग नवऱ्याकडे. "अहो, तो रुमाल काढा आधी खिशातून."

व्याही खिशावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे ना. मला आजवर कोणी भरून दिला नव्हता."

अन् विहीणबाई हसल्या! आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग शाल तोंडात धरून. डोळ्यांतून पाणी, ते पुसलं माझ्याच 'सु'नं. जावई हसला, रेणू हसली, मी रडता रडता हसली.

हसू थांबल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "सुमनताई, साडीचा राग नव्हता हो. भोक कोणत्याही साडीत निघतं. पण तुम्ही एकदा तरी त्याबद्दल बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही बाकी सगळं बोलत होतात, तेवढंच नाही."

मी म्हणलं, "लाज वाटत होती वो."

"मला वाटलं, तुम्हाला आमची किंमत नाही." अन् त्यांनी रेणूले जवळ बसवलं, आपल्या ताटातला अनारसा तिच्या ताटात टाकला. तेवढं पाहून माझी दिवाळी झाली.

अभ्रे मी उसवले, पोराइच्या अक्षरांनी नव्यानं भरले. शालीवर 'सु'च्या बाजूले त्यांचं 'मं' भरून दिलं, त्यांचं नाव मंदा. रुमाल काही व्याह्यांनी वापस दिले नाही. विहीणबाई म्हणाल्या, "ठेवू द्या त्यांना. पण फिटंफाट झाली पाहिजे. मलाही तेवढेच रुमाल भरून द्या, माझ्या अक्षराचे."

"देतो ना! कोणाले द्यायचे?"

"तुमच्या ह्यांना!"

नाही कसं म्हणू? अन् अर्धवट काम मले जमत नाही. चांगली मोगऱ्याची वेल काढली, वर पोपट बसवला. आता आमचे हे, ज्यांनी जन्मभर खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसलं, ते रोज सकाळी रुमालाची घडी घालतात, 'मं' बाहेर ठेवतात अन् हायवेवर चहा प्यायले जातात.

परवा भाजीवाली मले बाजूले घेऊन म्हणे, "बाई, वाईट नका मानू. तुमच्या घरच्याइच्या खिशात 'मं' कोण हाय जी?"

"अवो, आमची विहीण आहे."

"विहीण कायले असं देईन? नाही बाई. जिनं कोणी भरलं, लय जीव लावून भरलं हाय. तो पोपट पाह्यला का?"

आता गप बसायचं का नाही मी? पण माझ्या कामाची तारीफ झाली अन् जीभ सुटली.

"मग! त्या पोपटाले तर माझ्या दोन दुपारी गेल्या!"