थर्माकोलच्या झाकणावरचं कुंकू

ते थर्माकोलचं झाकण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतकी चीड क्वचितच आली.

खबर दिली ती उल्हासनगरातल्या एका सिंधी मेडिकलवाल्याने. पोलीस ठाण्यात येऊन त्याने रिकामी कुपी माझ्या टेबलावर ठेवली. "साहेब, काल एक बाई हे इंजेक्शन मागायला आली होती. मला डाऊट आला म्हणून कुपी ठेवून घेतली, तिचा नंबर घेतला. नंतर वरचं स्टिकर अलगद सोलून काढलं. देखो, नीचे क्या लिखा है." स्टिकरवर छापलं होतं, 'फिट्सवर खात्रीचा उपाय'. खाली मूळ इंग्रजी लेबल होतं: फक्त संशोधनासाठी, माणसांना देऊ नये.

बाई अंबरनाथच्या बुवापाड्यातली, एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला. तिच्या शाळकरी मुलीला फिट्स यायच्या. फोन केला तेव्हा ती सरकारी इस्पितळात होती. मुलगी बेशुद्ध, नाकात नळी.

"तो इंजेक्शनवाला म्हणाला, गोळ्यांनी पोरगी सुस्त होते, बंद करा," बाई सांगत होती. "हे मेंदूचं कॅल्शियम आहे, फॉरेनचं. स्टिकरखालून लेबलवरचं 'ह्यूमन' डोकावत होतं, ते पण दाखवलं मला. सुई तोच द्यायचा. काल त्याचा फोन लागेना म्हणून दुकानं पालथी घातली. घरी आले तर पोरीला फिट आलेली, थांबायचं नावच घेईना."

एका संशोधकाला कुपी दाखवली. तो जे बोलला ते माझ्या भाषेत सांगतो. मेंदूतल्या पेशींना कॅल्शियम आत घेणारी बारीक दारं असतात. त्या दाराचा एक सुटा भाग, माणसाच्या शरीरात असतो तसाच, प्रयोगशाळेत तयार करतात आणि अभ्यासाला वापरतात. म्हणून लेबलवर 'ह्यूमन'. ते औषध नव्हेच. खरं औषध होत्या त्या गोळ्या, आणि त्याच या हरामखोराने बंद करवल्या होत्या!

बाईच्या घरी पंचनामा केला. ज्या थर्माकोलच्या डब्यातून कुप्या आल्या, त्यात ती आता कोथिंबीर ठेवत होती. झाकण उलटलं तर आतल्या बाजूला कुंकवाचं बोट उठलेलं, वर अक्षता चिकटलेल्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती. मी बाईकडे पाहिलं.

"आमच्याकडं पूजा नसते साहेब. डबा आला तसाच आहे."

बाईकडच्या त्याच्या मोबाइल नंबरवरून माणूस सापडला. प्रयोगशाळांना माल पुरवणारा एजंट, शिकलेला, गोडबोल्या. "बाईला ओळखतो साहेब, एमआयडीसीत जाता-येता भेटते. पण माल मी दिलेला नाही. असे डबे तिकडे कचऱ्यात पडलेले असतात." दुपार झाली तरी गडी ढिम्म हलेना. इकडे माझा जीव वरखाली. आणखी कुणाकुणाच्या घरी गोळ्या बंद झाल्या असतील, ते या एकालाच ठाऊक होतं.

ते झाकण मी जमिनीवर ठेवलं होतं, कुंकवाची बाजू खाली. हाती लागलेल्या खुणा संशयिताला दाखवायच्या नसतात. तेवढ्यात माझे हवालदार चहाचे ग्लास घेऊन आले आणि त्यांचा बूट झाकणाला लागला.

"अहो, पाय नका लावू!" तो खुर्चीतून अर्धा उठला. "पूजेचं आहे ते!"

हवालदार जागीच थांबले. मी शांतपणे विचारलं, "वरून तर कोरं दिसतंय. पूजेचं आहे हे तुला कसं कळलं?"

तो झाकणाकडे पाहत खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. नव्या मालाच्या पहिल्या डब्याला तो आतून कुंकू लावायचा, बोहनी चांगली व्हावी म्हणून. मुदत संपलेल्या कुप्या फेकून देण्याऐवजी त्यांवर स्टिकर मारून विकायचा. पंचांसमोर त्याने उल्हासनगरातला गाळा दाखवला. फ्रीजरवर देवाचा फोटो, आत कुप्या. बदलापूर आणि वांगणीतली घरंही सांगितली. आमची माणसं लगोलग धावली. तिथल्या मुलांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, ती वाचली.

बुवापाड्यातली मुलगीही वाचली. पण आता तिला वाचता येत नाही. आईला ओळखते, हसते, आणि आपलं पुस्तक उलटं धरून बसते.

देवाला भिणारा माणूस वाईट वागत नाही, असं माझी आई सांगायची. मीही तेच मानत होतो. या प्रकरणानंतर सोडून दिलं. देवाला भिणारे मी कोठडीत रांगेने पाहिलेत. माणसाच्या पोराची भीड ज्याला वाटते, त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. तो मेडिकलवाला गिऱ्हाइकाला हाकलून मोकळा झाला असता तर त्याला कोण विचारणार होतं?

कोर्टात न्यायला गाडीत बसवताना त्या एजंटने हात जोडले. मला वाटलं, आता तरी मुलीची चौकशी करेल.

"साहेब," तो म्हणाला, "ते झाकण नीट ठेवाल ना? कुणाचा पाय लागायला नको."