सुनीताच्या नावाची फाइल

"सुनीता तू? मुंडी ऊपर कर."

दवाखान्याच्या काउंटरवरचा माणूस फाइल हातात घेऊन उभा राहिला. बाकांवर माणसं खचाखच बसलेली. माझ्या अंगात ताप. मी मान वर केली.

"इसमें लिखा है, सुनीता को चार महीने में दो डिलिवरी हुईं." तो बाकांकडे वळला. "भिया, ये ठेकेवाली औरतें कमाल हैं."

माणसं हसली. मी हात जोडले. म्हटलं, "साब, लिखने में गलती हुई होगी. मैं ही सुनीता हूँ." त्याने बोटानेच भिंत दाखवली. सगळ्यांचं झाल्यावर तुझं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, शेवटी दंडावर इंजेक्शन घेतलं आणि घरी आले. आमचे आजोबा सांगायचे, आपण दरबाराच्या फौजेबरोबर मालव्यात आलेली माणसं, कुणापुढे वाकायचं नाही. सांगायला काय जातं. खोटं बोलल्याची मला लाज वाटली नाही, हात जोडल्याची वाटली.

मी सुनीता नाही. देवासमधल्या औषधांच्या एका कारखान्यात आम्ही बारा बाया गोळ्यांची पाकिटं भरायचो. सगळ्या ठेक्यावर. ठेकेदार दर काही महिन्यांनी आम्हाला कागदावर काढायचा आणि नव्याने घ्यायचा. कुणी जुनी होऊन पक्की होता कामा नये. नाव कापलं की कामावरून मिळणारं फुकट इलाजाचं कार्ड बंद. काम मात्र एक दिवस बंद नसायचं. फक्त सोनकच्छहून बसने येणाऱ्या सुनीताचं कार्ड कसं कोण जाणे चालू राहिलं होतं. ते ती जेवणाच्या डब्यांच्या फळीवर ठेवायची. जिला दुखेल तिने न्यावं, परत आणून ठेवावं. माणुसकीच होती ती. पण बारा जणींची दुखणी एकाच फाइलीत साचत होती, हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. दिवसभर औषधं हाताळणाऱ्या बाया आम्ही.

मग एका दुपारी सुनीता कामावरच कोसळली. ताप डोक्यात गेलेला, बोलणं असंबद्ध. ठेकेदाराचा सुपरवायझर आणि मी तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेलो. सिस्टरने फाइल उघडली. "ये इंजेक्शन पहले दो बार लगा है. कोई तकलीफ नहीं हुई थी ना?"

दोन्ही वेळा ते मला दिलं होतं.

सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. बोलले तर बारा जणींचं कार्ड जाणार, माझं काम जाणार. मी गप्प राहिले. किती वेळ? सुई भरून होईपर्यंत. आधी दिल्याची नोंद होती म्हणून सिस्टरने ॲलर्जीची चाचणीसुद्धा केली नाही. थोड्याच वेळात सुनीताचे ओठ सुजले, श्वास अडकला. तेव्हा मी ओरडले, "वो फाइल मेरी है. वो सुई मुझे लगी थी." मी माझं नाव सांगितलं. त्या इमारतीत पहिल्यांदा.

सुनीता वाचली. पण आता हाक मारली की फार उशिरा वळते. स्वतःच्या मुलीचं नाव आठवायला तिला वेळ लागतो.

मला काढलं. मी युनियनच्या नानांकडे गेले. युनियन परमनंट कामगारांची, आमच्यासारख्यांना तिथे खुर्ची नव्हती. मी रागाने म्हटलं, तुमची कार्डं तर पक्की आहेत, तुम्हाला काय. नाना म्हणाले, "बाई, मागच्या संपात तिसऱ्याच दिवशी कंपनीने आमची कार्डं थांबवली. तुझ्या काकूचं डायलिसिस चालू होतं. मी संप सोडून मान खाली घालून आत गेलो. पक्कं काय घेऊन बसलीस?"

त्या दिवशी मला कळलं. ज्याच्या हातात आपला इलाज, त्याच्या हातात आपली मान. कार्ड पक्कं असो की कच्चं. नानांनी हेच बैठकीत सांगितलं, आणि युनियनने आता मागणी मांडली आहे: इलाज मालकाच्या हातातून काढा. पैसे एका सरकारी खजिन्यातून जावेत, देवासच्या परमनंटसाठी, पीथमपूरच्या ठेकेवाल्यासाठी, सतवासच्या मजुरासाठी. आजारी आहे एवढं पुरे. कुठे काम करतोस, हे काउंटरवर कुणी विचारू नये. काही परमनंट कुरकुरले, आमची चांगली सोय सोडून ठेकेवाल्यांच्या रांगेत का यायचं? नाना उठले आणि काकूचं डायलिसिस, तो संप, सगळं सांगितलं. मागणी कायम राहिली.

काल सुपरवायझर घरी आला. कामावर परत घेतो, माझ्या स्वतःच्या नावाचं कार्डही देतो. फक्त कागदावर सही कर की सुनीताने स्वतःच कार्ड विकलं होतं. म्हणजे दोष सगळा तिचा, ठेकेदार मोकळा. कार्ड त्याने टेबलावर ठेवलं. माझं नाव छापलेलं. मी ते परत दिलं. जाताना तो शांतपणे म्हणाला, "ताई, बीमार तो सब पड़ते हैं. आप भी पड़ोगी."

आज सकाळपासून त्याची मोटरसायकल समोरच्या चहाच्या टपरीशी उभी आहे.

उद्या कारखान्याच्या गेटवर युनियनची सभा आहे. सुनीताला मी सोबत नेणार आहे. ती काही बोलणार नाही. मी बोलणार आहे, आधी ती सुई भरली जात असताना मी गप्प उभी होते ते, मग बाकीचं. मोटरसायकल उद्याही असेल. असू दे. मी पुन्हा गप्प राहणार नाही.