समुद्राचं बारसं करणारे साडू

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, पृथ्वीवरचे सारे समुद्र आणि त्यांच्यावरून वाहणारे सारे वारे यांची बारशी कळमनुरीला, आठवडी बाजारामागच्या एका माडीवर होतात. हसू नका. आमच्या हिंगोली जिल्ह्यात समुद्र नाही हे कबूल. पण साडू माझे आहेत. जगभरची जहाजं, पाण्यावर तरंगणारी यंत्रं, हवेत सोडलेले फुगे दिवसभर काहीतरी मोजत असतात, आणि मोजलेल्या एकाच गोष्टीला एक देश एक नाव देतो, दुसरा भलतंच. मग कुणाचे आकडे कुणाशी जुळत नाहीत. म्हणून देशोदेशीच्या काही चिकट माणसांनी ठरवलं की प्रत्येक मोजमापाला एकच नाव असावं, आणि ते वाचताच काय मोजलं, कशाचं मोजलं, कुठं मोजलं हे कळावं. त्या मंडळीत आमचे साडू. माडीवर संगणक मांडून, एकेका नावासाठी ते महिनोन्महिने सातासमुद्रापार भांडत असतात, आणि जेवायला खाली येतात तेव्हा तोंडावर नुकतंच बाळ पाळण्यात घातल्याचं समाधान असतं.

कामाचा हा रोग घरभर पसरलेला आहे. कुणी सहज 'लई गरम होऊन राहिलं' म्हणालं, की साडू विचारणार, "कुठं? मातीत का हवेत? हवेत, तर जमिनीपासून किती उंचीवर?" पुसेगावचा एक शेतकरी एकदा वैतागून "टाळक्यात!" म्हणाला, तर यांनी ते वहीत टिपून घेतलं. स्वयंपाकघरात डब्यावर चिठ्ठी : 'हळद, वसमतची, दळलेली, यंदाची.' त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, म्हणतात, "यांचं वाचून होईस्तोवर माझी फोडणी जळती." एकदा आम्ही दोघं स्टँडवर उभे होतो. मी ओरडलो, "दादा, नांदेडची गाडी आली, चला!" साडू जागचे हलेनात. "नांदेडहून आलेली का नांदेडला जाणारी? वाऱ्याचंबी असंच हाय भाऊ. कुठून आला अन् कुठं चालला, याला दोन न्यारी नावं लागतेत." हे मला पटेपर्यंत गाडी सुटून धुरळा खाली बसला. साडू समाधानानं म्हणाले, "जाणारी होती."

पण या माणसाला मी एकदाच घाबरलेलं पाहिलं. मी विचारलं होतं, "दादा, ठेवलेलं नाव चुकलं तर?"

"बदलतो की."

"आणि जुनं खोडून टाकता?"

साडूंनी दोन्ही कानांना हात लावले. "खोडायचं न्हाई! त्या नावाखाली लोकांनी वर्षानुवर्षं मोजून ठिवलेलं असतंय. जुनं नाव नव्याच्या शेजारी बसवायचं. जुन्या नावानं हाक मारली तरी ओ आली पाहिजे."

मला वाटलं, समुद्राचं बोलून राहिलेत.

त्यांना एकच लेक. तिचं नाव आर्द्रा. हवेतल्या ओलाव्यावरून ठेवलेलं. पण नक्षत्राचंही तेच असल्यामुळं बारशाला आत्याबाईंनी चालवून घेतलं. तिचं लग्न डोंगरकड्याला ठरलं. घर भलं, मुलगा गुणी. फक्त त्याची आई, सुलोचनाबाई, बोलणीच्या दिवशी म्हणाल्या, "आमच्यात नवरीचं नाव बदलतेत. राधिका ठरलंय. जुनं नाव उंबऱ्याच्या बाहेर." लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, ही आपली जुनी रीत. त्यात वावगं कुणाला वाटलं नाही. साडू मात्र त्या दिवसापासून उन्हाची उंचीसुद्धा विचारीनात. अक्कांनी बजावलं, "मांडवात तोंड उघडायचं न्हाई." लेकही म्हणाली, "बाबा, एका नावावरून तमाशा नको." पण हे म्हणताना ती त्यांच्याकडं बघत नव्हती.

डोंगरकड्याच्या मांडवात ताट आलं. नवरदेवानं अंगठी धरली. ती तांदळाला टेकणार, तोच साडू उठले. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक पकडलं, ते माझ्या हातून निसटलं. ताटासमोर जाऊन, हात जोडून हा समुद्रांचा कारभारी पोरासारखा उभा राहिला.

"विहीणबाई, राधिका नाव चांगलं हाय. ठिवा. निस्तं पहिलं पुसू नका. त्या नावाखाली लई ठिवलंय हो माझं. पहिला दात, गोवर, सायकलवरून पडली ते, रुसून माडीवर बसली ते... समदं त्याच नावाखाली. उद्या मी हाक मारली तर ओ कोण देईल?"

सनईवाला वाजवायचा थांबला. अक्कांनी पदर तोंडाशी नेला. गुरुजी पंचांगात उगाचच काहीतरी शोधू लागले. नवरदेवाची अंगठी तांदळावर अधांतरी राहिली, आणि आर्द्रा खाली मान घालून मुंडावळ्यांच्या आड रडत होती.

त्या ताटात शेवटी दोन नावं लिहिली गेली, एकाशेजारी एक. आजही साडू रोज संध्याकाळी माडीवरून फोनवर 'आर्द्रा' अशी हाक मारतात आणि डोंगरकड्याहून ओ येते. मग ते विचारतात, तिकडं पाऊस हाय का, आणि असला तर कुठं. पण हे सगळं नंतरचं. त्या घटकेला आम्ही सगळे भीत भीत सुलोचनाबाईंकडं बघत होतो. एवढा संसार धाकात ठेवलेली ती बाई, पण तिचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ती कोऱ्या तांदळाकडं बघत होती. आणि बघता बघता, कुणी काही विचारलेलं नसताना, भर मांडवात, ती मोठ्यानं बोलून गेली :

"माझं नाव शेवंता होतं!"