पापलेटांचा कागद

चित्रवाल्या बाई पेशंटला कधी 'बरोबर' म्हणत नसत आणि 'चूक'ही म्हणत नसत. कोणी काहीही उत्तर दिलं तरी मान हलवून एवढंच म्हणत, "लिहून घेतलं." एकदा एका आजोबांनी वैतागून विचारलं, "बाई, मी पास का नापास, ता तरी सांगा!" त्यावरही बाई गंभीरपणे "लिहून घेतलं" म्हणाल्या, आणि आजोबा बाहेर गेल्यावर तोंडावर ओढणी धरून कितीतरी वेळ हसत बसल्या.

बोईसरच्या एका दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीशेजारी त्यांना एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळाल्या होत्या. महिन्यातून दोनदा त्या येत. डोक्याला मार लागलेल्या किंवा झटका येऊन गेलेल्या माणसांची आठवण, लक्ष, बोलणं किती शाबूत आहे, हे चित्रं दाखवून आणि प्रश्न विचारून तपासायचं, हे त्यांचं काम. याला न्यूरोसायकॉलॉजी म्हणतात, हे बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्र घेऊनही मला त्यांच्याकडूनच नीट कळलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरी विचारणार कोणाला? बाई अमरावतीकडच्या. आमच्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांचं भराभर बोलणं त्यांना समजायचं नाही, म्हणून कॉलेजातल्या मॅडमनी मला त्यांच्या मदतीला पाठवलं.

पहिल्याच दिवशी डोंगराकडच्या गावातून एक आजी आल्या होत्या. बाईंच्या परदेशी छापलेल्या संचात बर्फावरून ओढायच्या गाडीचं चित्र होतं. आजींनी ते बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, "ही मोडकी खाट हाय. पाय कोनी काढले?" मला हसू आलं. आजी गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "हसतेस काहून? मार्क कोणाचे कापायचे? आजीचे, का चित्राचे?"

तेव्हापासून त्या स्वतः चित्रं काढू लागल्या. कोयता, सूप, टोपली, वल्हं. दुपारी जेवताना त्या फोनवर केनियातल्या एका डॉक्टरबाईंशी आणि नेपाळच्या तराईतल्या एका सरांशी बोलत. तिथेही हेच काम करणारं माणूस शोधून सापडत नाही म्हणे, आणि तिथेही बर्फाची गाडी कोणी पाहिलेली नाही. तिघं एकमेकांना आपापली चित्रं पाठवत. इतकी शिकलेली माणसं सुपाच्या चित्रावर अर्धा तास वाद घालतात, याचं मला नवल वाटायचं.

नवी चित्रं आधी धडधाकट माणसांना दाखवून बघावी लागतात. त्यासाठी मी बाईंना आमच्या गावात, मासळी वाळत घालतात तिथे नेलं. बोंबील टांगता टांगता एक मावशी म्हणाल्या, "आमाला काय येड लागलाय? डोका तपासाचा तर पयला माझ्या नवऱ्याचा तपासा!" सगळ्या बायका हसल्या, आणि मग सगळ्याच बसल्या.

वाचता न येणाऱ्यांचं लक्ष तपासायला बाईंनी एक कागद केला होता. पानभर पापलेटं आणि बोंबील विखुरलेले. फक्त पापलेटांवर काट मारायची. मच्छीमारांनी त्या पापलेटाला किती नावं ठेवली! "ह्याची शेपटी खोटी हाय." "हा पापलेट नाय, पिंपलाचा पान हाय." बाईंनी तो मासा चार वेळा नव्याने काढला.

याच कागदावर मी जे केलं, ते मला सांगायचं आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

माझे बाबा तांडेल. म्हणजे होडीचं सुकाणू त्यांच्या हातात, आणि होडीवरच्या पाच खलाशांचा जीवही. जाळं ओढताना कप्पी निसटून त्यांच्या डोक्याला उजवीकडे लागली. जखम भरली, डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं. तरी ते ताटातल्या डावीकडच्या माशाला हात लावत नसत आणि "मासा नाय वाढला?" म्हणून आईवर चिडत. होडी माझ्या काकांची. काका म्हणाले, "बाई सांगतील तसा. त्यांनी हो म्हटला का दादा सुकानूवर."

बाबा बाईंसमोर बसले. "अष्टमीची भरती किती वाजता, तांडेल?" "सहाला. ह्या काय विचाराचा झाला?" बाबा हसले. मग पापलेटांचा कागद आला. मी बाईंच्या मागे उभी होते. बाबांनी उजवीकडची पापलेटं झरझर खोडली आणि पेन्सिल खाली ठेवली. डावीकडचं अर्धं पान तसंच.

होडीवर इंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्यात हाताने खुणा करतात. मी लहानपणापासून त्या बघत आले आहे. माझा हात आपोआप वर गेला: डावीकडे घे. बाबांनी खूण पाहिली, पेन्सिल उचलली, मान वळवली आणि उरलेली पापलेटं खोडून टाकली.

बाबा चहा प्यायला बाहेर गेले. बाईंनी दार लोटलं. "तांडेल माझ्या खांद्यावरून काय बघत होते गं?"

मी टेबलावरची पेन्सिल उचलून डब्यात ठेवू लागले.

"पाच माणसं त्यांच्या भरवशावर समुद्रात जातात, पोरी. मी कागदावर काय लिहू, ते तूच सांग."

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "चूक माझीही आहे," म्हणाल्या. "लेकीला मी इथं उभंच करायला नको होतं." मग मला बाहेरच्या बाकावर बसवून त्यांनी बाबांना नवा कागद दिला. अर्धवट लोटलेल्या दारातून मला दिसत होतं. बाबांनी पुन्हा अर्धंच पान खोडलं. बाईंनी तोच कागद वरची कड खाली येईल असा फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. आता न खोडलेली पापलेटं त्यांच्या उजव्या हाताला आली.

बाबा बघत राहिले. "ही मगाशी नवती."

"होती, तांडेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. पेशंटला सरळ उत्तर देताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "डोळे तुमचे चांगले आहेत. मेंदू डावीकडे बघायला विसरतो."

घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "बाय, तुझ्या बाईनी माझा सुकानू काढून घेतला." पुढच्या फेरीला बाई स्वतःच घरी आल्या. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली, आणि पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, असं बाबांकडून पन्नासदा करून घेतलं. बाबा करवादले, "बाई, मान मोडल!" "मोडली तर हाडाच्या डॉक्टरकडे पाठवीन," बाई म्हणाल्या आणि आईकडून दुसरा बोंबील मागून घेतला. असं सात-आठ महिने चाललं. बाबा हळूहळू ताटातला मासा स्वतः शोधू लागले.

मग बाई नेपाळला गेल्या, तिथल्या नर्सना हेच शिकवायला. जाताना मला म्हणाल्या, "एम.ए. कर. मला इथं माणूस पाहिजे." मी घाबरत हो म्हटलं. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. त्या टेबलावर आता सलाईनची खोकी आहेत.

गेल्या महिन्यात काका घरी आले. "दादा, आता बरा वाटतं ना? सुकानू धर. आता कोनाला विचाराची गरज नाय."

आई भांडी घासायची थांबली. मला वाटलं, आता बाबा हो म्हणणार. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

"सुकानू तू धर," बाबा म्हणाले. "दमलो का डावीकडचा अजून सुटतं माझ्याकडून. मी पुढं बसतो. भरती आनि वाट सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर गेले. होडी खाडीच्या तोंडाशी पोचली तेव्हा पुढच्या टोकाला बसलेले बाबा मला अजून दिसत होते. समोर मोकळं पाणी होतं, दुसरी एकही होडी नव्हती, तरी ते थोड्या थोड्या वेळाने मान पार डावीकडे वळवून बघून घेत होते.