विनयची आपोष्णी

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले आहे. तेव्हा हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण भर दुपारी, सगळ्यांच्या देखत घडलेलं नाकारू तरी कशी?

मी झाशीची, लक्ष्मी गेटजवळ राहते. सरकारी नोकरी. माझा धाकटा भाऊ शेखर आणि त्याचा मित्र विनय ओरछ्याच्या जंगलात, बेतवा नदीच्या बाजूने दोन-तीन दिवसांचे ट्रेक न्यायचे. मागच्या उन्हाळ्यात त्याच वाटेवर शेखर उष्माघाताने गेला. नदीच्या अलीकडच्या पठारावर पाण्याची गाडी यायची होती, ती आलीच नाही. असलेलं पाणी त्याने लोकांना वाटून टाकलं. आणि विनय गावभर सांगत सुटला, "पाण्याचं प्लॅनिंग शेखरचंच चुकलं."

गाडी कुठे होती? समथरला! विनयने ती सासुरवाडीच्या लग्नात खुर्च्या वाहायला पाठवली होती. ड्रायव्हरने मला हे रडत सांगितलं, पण चारचौघांत बोलायला तो तयार नव्हता. नोकरी विनयकडेच ना. इकडे माझे बाबा लोकांची नजर चुकवायला लागले. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीलाही जाईनात.

यंदा फाल्गुनात विनयने पुन्हा ग्रुप काढला, तेव्हा मी म्हटलं, "सगळी तयारी मी करते." गोड हसून म्हटलं. मनात एकच होतं — त्याच पठारावर, सगळ्यांसमोर याचं पितळ उघडं पाडायचं.

तयारीत मात्र कसूर केली नाही. वनखात्याच्या ऑफिसात खेटे घालून परवाना काढला. जंगलात चूल पेटवायची नाही म्हणून गॅसची शेगडी घेतली. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, मेतकूट, एका पातेल्यात होणारी मुगाची खिचडी — कमी पाण्यात भागेल असंच सगळं. पाण्याचे कॅन गाडीत मी स्वतः चढवले आणि पहाटे ती पठारावर पोचल्याचा फोन येईपर्यंत पाऊल उचललं नाही.

दुपारी तिथेच जेवायला बसलो. विनय भिक्षुकाच्या घरचा. आपोष्णी घेतल्याशिवाय, म्हणजे तळहातावर पाणी घेऊन, ताटाभोवती फिरवून, घोटभर प्यायल्याशिवाय जंगलातसुद्धा घास घ्यायचा नाही. ते पाणी हातात असताना वावगा शब्द काढायचा नसतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याने पाणी घेतलं. तेवढ्यात बबिन्याच्या छावणीतून आलेल्या एका फौजीच्या बायकोने विचारलं, "गेल्या साली हितं काय झालंतं हो?" ती कोल्हापूरकडची.

मी तोंड उघडणार, तर तोच बोलून गेला, "क्या बताएँ भाभीजी... आमच्या शेखरचा पाण्याचा हिसाब चुकला."

आणि तो हाताकडे बघतच राहिला. तळवा कोरडा. खाली थेंब नाही, ताटाभोवती ओल नाही. त्याने पुन्हा ओतलं. पुन्हा कोरडा! माझ्या तांब्यातलं पाणी, जे आम्ही सगळे पीत होतो, ते त्याच्या हातावर पडायचं आणि दिसेनासं व्हायचं. बाटली तोंडाला लावली तर म्हणे घसा ओला होत नाही. संध्याकाळपर्यंत ओठ फुटले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. म्हटलं, कळू दे.

दुसऱ्या दिवशी नदी लागताच तो धावत सुटला. कोपरापर्यंत हात पाण्यात घातले, बाहेर काढले... शर्टाची बाही कोरडी. मी स्वतः चाचपून पाहिली. तो माझ्याकडे वळला.

"ताई, गाडी मीच पाठवली होती. माफ कर दो."

"मला काय सांगतोस? मला माहीत आहे. बाबांना सांग."

त्याला तसाच गाडीत घातला आणि थेट घरी आणला. बाबांसमोर त्याने सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्या पोराचं काही चुकलं नव्हतं." डोळे पुसून माझ्याकडे वळले, "विनयला पाणी दे ग."

"ह्याला? बाबा, ह्याला?"

"दारात आलाय तो. दे."

तांब्या आणला. विनयने हात पुढे केला. मी ओतत होते आणि मनात घोकत होते — सुकू दे, जन्मभर सुकू दे. पाणी तळहातावर थांबलं. तो प्यायला, आणखी मागून प्यायला.

बाबा यंदा गणपतीला गेले, पुढच्या रांगेत बसले. लोक मला म्हणतात, उन्हाने भ्रम झाला असेल. असेल. मला राग आहे तो एवढाच, की ते पाणी थांबलं.