उदबत्तीवाल्यांच्या घरचा केक

अख्ख्या अग्रहारात ज्या एका घरातून उदबत्तीचा वास कधीच येत नसे, ते घर उदबत्तीवाल्यांचं होतं.

तिरुमलराव म्हैसूरजवळ कडकोळच्या एका कारखान्यात वास बघायचे. बघायचे म्हणजे हुंगायचे. पण ‘आमचे हे हुंगायला जातात’ असं कुठली बायको चारचौघींत सांगेल? म्हणून वनजाबाई आपल्या ‘वास बघतात’ म्हणायच्या. कारखान्यात नवा सुवास तयार झाला की तिरुमलरावांनी डोळे मिटून मान डोलवावी, मगच ती उदबत्ती बाजारात जायची. नाकावर पोट भरणारा माणूस. गवई जसा आवाजाला जपतो, ताक-लोणचं टाळतो, तसे ते घरात सुवास टाळायचे.

देवघरात नुसतं निरांजन. आंघोळीला डाळीचं पीठ. पावडर नाही, स्नो नाही, अत्तराचं तर नाव काढायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात वनजाबाई माहेरून गुलाबाचं तेल लावून आल्या, तर तिरुमलराव बसमधून उतरून गल्लीच्या तोंडाशीच थबकले होते म्हणे. घरात येऊन म्हणाले, “कोण आलं होतं?” आणि उद्या कारखान्यात गुलाब बघायचाय, सगळा घोटाळा होणार, म्हणून त्यांनी बायकोला पुन्हा न्हायला लावलं होतं.

म्हैसूरसारख्या गावात, जिथे संध्याकाळी फुलवाली ‘मल्लिगे, मल्लिगे’ ओरडत निघाली की म्हाताऱ्यासुद्धा दाराशी येतात, तिथे वनजाबाई मोगरा सोडून अबोली मागायच्या. अबोलीला रंग असतो, वास नसतो.

“ऐय्यो वनजाक्का,” शेजारची कृष्णवेणी तोंडावर म्हणायची, “अत्तराच्या विहिरीपाशी घर, आणि घागर कोरडी! नवऱ्याशी भांडण आहे का काय तुमचं?”

“भांडण कसलं? त्यांच्या नाकाला चालत नाही.”

“संसार नाकाशी केलात की माणसाशी?”

वनजाबाई हसून घ्यायच्या. कारण खरं सांगायची सोय नव्हती. खरं असं होतं की वनजाबाईंना सुवासाचं भयंकर वेड होतं. कॉलेजात असताना वर्गात कोणी कुठली पावडर लावलीय ते त्या मागच्या बाकावरून सांगायच्या. आणि देवाने गाठ मारून दिली ती नेमकी नाकाशी.

त्यातून म्हैसूरकर माणसाला भेट काय द्यावी हे सुचलं नाही की तो चंदनाच्या साबणाची पेटी देतो. बारशाला साबण, मुंजीला साबण, सत्यनारायणाला साबण. मुलगी जयलक्ष्मी बेंगळुरूहून यायची ती अंगाला लावायचं काहीबाही, मलईसारखं, घेऊन यायची. हे सगळं वनजाबाईंच्या लग्नातल्या ट्रंकेत, साड्यांच्या घड्यांमधे जायचं. वर कुलूप. दुपारी एकट्या असल्या की त्या कुलूप काढायच्या, ट्रंकेत मान घालायच्या, पोटभर श्वास घ्यायच्या आणि झाकण लावायच्या. दुसऱ्या बायका असं सोनं बघतात.

त्यांचं एकच ठरलं होतं. तिरुमलराव निवृत्त झाले की त्या दिवशी ट्रंक उघडायची ती परत लावायची नाही. सकाळी चंदनाचा साबण, संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा, आणि देवापुढे चांगली जाडजूड उदबत्ती. देवसुद्धा किती वर्षं थांबलाय!

पण माणसाला धीर असतो कुठे? एका चैत्रात जयलक्ष्मीने आईला विजेचा ओव्हन आणून दिला. अल्युमिनियमचा, गोल, झाकणाला मधे काच. आत केक फुगताना दिसायचा. अंड्याचं नाव ब्राह्मणांच्या अग्रहारात काढायचं नाही, म्हणून वनजाबाईंनी दही आणि सोडा घालून, रसपुरी आंब्याचा दाट रस घालून पहिला केक केला. नेमकी त्याच दुपारी कृष्णवेणीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंबेडाळ, पन्हं, आणि नको नको म्हणत असताना कृष्णवेणीने हातावर फासलेलं अत्तर. वनजाबाईंनी घरी येऊन हात घासघासून धुतला. अत्तर कसलं जातंय! संध्याकाळी नवरा दारात उभा राहिला तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतला होता.

तिरुमलरावांनी डोळे मिटले. “आंबा. लोणी. वेलदोडा. काहीतरी खरपूस.” मग कपाळाला आठी घालून म्हणाले, “बाकी काही कळत नाही बुवा.”

“मग नको का करू पुन्हा?”

“कर की. खाण्याचा वास पोटाचा. त्याला नाक माफ करतं.”

‘बाकी काही कळत नाही’ हे वाक्य वनजाबाईंनी मंत्रासारखं मनात धरलं.

तिथून पुढे त्यांचा दुहेरी संसार सुरू झाला. उन्हाळा लागला की दुपारी आधी केक ओव्हनमधे जायचा, मग त्या न्हाणीघरात जायच्या. कुठल्या वासावर कुठलं फळ चालतं याचा त्यांनी अभ्यासच केला. चंदनाला आंबा पुरायचा. गुलाबी पावडरीला अननस लागायचा. मोगऱ्याचं तेल फार आगाऊ, त्याच्यावर मात्र फणसच. फणस असला की दुसऱ्या कोणाचं काही चालत नाही. न्हाऊन, माखून, तासभर त्या खिडकीत महाराणीसारख्या बसायच्या. आणि तिरुमलराव घरी येईपर्यंत सगळ्या पापावर केकचा वास पांघरलेला असायचा.

गल्लीला वाटलं, वनजाक्कांना बेकिंगचा काय षोक! कृष्णवेणी पाककृती विचारायला आली. “यातलं गुपित सांगा ना, अक्का. माझा असा घमघमत नाही.”

“आधी न्हायचं,” वनजाबाई म्हणाल्या.

“सोवळ्यात करता होय!” म्हणत कृष्णवेणीने दोन्ही हात जोडले. त्या दिवसापासून वनजाबाईंच्या केकची कीर्ती फार वाढली. ज्या म्हाताऱ्या बेकरीतला पाव शिवत नसत, त्याही तुकडा मागून नेऊ लागल्या.

असे उन्हाळे गेले. तिरुमलरावांची निवृत्ती आली. आषाढ संपला की सुटी. वनजाबाई मनात साबणांचा क्रम लावत होत्या.

ज्येष्ठातली एक दुपार. वनजाबाईंनी फणसाच्या गऱ्यांचा केक लावला आणि आज जरा सैलच झाल्या. शेवटचे थोडे दिवस, आता कशाला भ्यायचं? चंदनाचा साबण, त्यावर जयलक्ष्मीची मलई, त्यावर पावडर, केसांना मोगऱ्याचं तेल. न्हाणीघरातून बाहेर आल्या त्या जणू पालखीतून उतरलेली उत्सवमूर्ती. ओव्हनपाशी गेल्या आणि झाकणाला हात लावला. ओव्हन थंड. त्या आत गेल्यागेल्याच करंट गेलेला असणार. काचेतून बघितलं तर पीठ जसंच्या तसं, आणि झाकण पक्कं बसलेलं, त्यामुळे फणसाचाही बाहेर मागमूस नाही.

आणि दारात तिरुमलराव. कारखान्यातही करंट नव्हता. बस लवकर सोडली होती.

पळायला जागा नव्हती. वनजाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिरुमलरावांनी चपला काढल्या. टेबलावर ओव्हन बघितला. सकाळच्या साराच्या आंब्याच्या कोयी सुपात वाळत होत्या, त्याही बघितल्या. मग डोळे मिटून लांब श्वास घेतला.

“वा! रसपुरी. काय खरपूस वास सुटलाय! होत आलाय बघ, आता काढ.”

वनजाबाईंना आधी वाटलं, सुटले. मग वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. चेष्टा नव्हती.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “करंट नाहीये.”

“बरं मग?”

“ओव्हन थंड आहे. आणि आत आंबा नाही, फणस आहे. कच्चा.”

तिरुमलराव खुर्चीवर बसले.

“आणि मी,” वनजाबाईंनी होतं नव्हतं ते धैर्य गोळा केलं, “मी आत्ता चंदनाच्या साबणानं न्हाले. पावडर लावली. मोगऱ्याचं तेल लावलं. गल्लीतलं कुत्रंसुद्धा वळून बघेल. आणि तुम्हाला आंबा येतोय?”

“साबण?” तिरुमलराव ताडकन उठले. “या घरात? तुला काही लाज—”

वास गेला होता, पण राग मात्र अजून नाकाच्या शेंड्यावरच होता. वाक्य अर्ध्यावरच राहिलं. ते पुन्हा बसले.

“केव्हापासून?” वनजाबाईंनी विचारलं.

“मागच्या पावसाळ्यातला तो ताप. ताप उतरला, तो वास घेऊनच गेला. कॉफीसुद्धा नुसतं गरम पाणी लागते.”

“आणि कारखान्यात?”

“मालकांची भुवई बघतो. वर गेली की मान डोलावतो. नाही कळलं तर म्हणतो, स्वल्प आणखी मुरू दे.” तिरुमलराव खिन्न हसले. “मुरल्यावर काहीही सुधारतंच गं. उलट माझं नाव वाढलं. मालक नरसिंहमूर्तीच म्हणतात, राव, पूर्वी तुम्ही घाई करायचा.”

म्हणजे यंदाचा अख्खा उन्हाळा आपण आंबे, अननस, फणस कापत होतो ते कोणासाठी? वनजाबाईंना हसू यायला लागलं. पण तिरुमलरावांचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

“आता संपलंच,” ते म्हणाले. “आषाढातल्या शुक्रवारांना चामुंडीच्या डोंगरावर गर्दी लोटते, त्यासाठी नवी उदबत्ती काढतायत. मालक म्हणतात, जाता जाता हा एक वास तुम्ही एकट्यानं निवडायचा, मी हुंगणारसुद्धा नाही. भुवईच नाही, वनजा. सगळ्यांसमोर नाक कापलं जाणार.”

ज्या नाकाने जन्मभर छळलं, त्याचीच दया यावी! पण संसारात असंच असतं. वनजाबाई म्हणाल्या, “नमुने घरी आणा.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याच्या चार पुडांतून वासात बुडवलेल्या चार कागदी पट्ट्या घरी आल्या. वनजाबाईंनी एक हुंगली. चंदन. दुसरी. चंदन. तिसरीही चंदन. चौथ्या पट्टीला त्यांच्या लक्षात आलं, चंदन पट्टीला नाही, आपल्याला येतंय. कालचं अंगात मुरलेलं.

तेव्हा जे झालं त्यावर तिरुमलरावांचासुद्धा विश्वास बसेना. वनजाबाई उठल्या, डाळीच्या पिठाने खसाखसा न्हायल्या, केसातलं तेल शिकेकाईने काढलं, ट्रंकेला कुलूप घातलं. दाराशी फुलवाली आली तिला म्हणाल्या, “अबोली दे.” दोन दिवस त्यांनी केकसुद्धा लावला नाही. मग पट्ट्या घेऊन बसल्या.

“ही नको. हा हार कालचा आहे.”

“म्हणजे जाई जास्त झाली?” तिरुमलराव लिहून घेत होते.

“मला काय ठाऊक जाई की जुई? शिळा हार, एवढंच लिहा. ही दुसरी, गर्दीत शेजारच्या बाईनं पदर झटकावा तशी. ही तिसरी बरी, पण उगाच पुढेपुढे करते, नव्या जावयासारखी. आणि ही…” वनजाबाई चौथ्या पट्टीपाशी थांबल्या. डोळे आपोआप मिटले. “ही घ्या. खूप दिवस बंद असलेली ट्रंक उघडावी, आणि घडीतून लग्नातला शालू काढावा.”

तिरुमलराव लेखणी धरून बायकोकडे बघत राहिले. त्यांनी इतक्या वर्षांत कारखान्याला ‘ठीक’, ‘उग्र’ आणि ‘चालेल’ यापलीकडे चौथा शब्द दिला नव्हता.

त्यांनी हे सगळं कारखान्यात शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. शाळेतल्या पोराने कविता म्हणावी तसं. नरसिंहमूर्ती थक्क. ती चौथी उदबत्ती आषाढाच्या पहिल्या शुक्रवारी डोंगरावर गेली आणि दुसऱ्या शुक्रवारी दुकानांत मिळेना.

निवृत्तीचा दिवस तोंडावर आला तेव्हा नरसिंहमूर्ती स्वतः अग्रहारात आले. हातात नारळ, पान-सुपारी आणि एक पेटी. वनजाबाईंना पेटी न उघडताच कळलं, चंदनाचे साबण. त्यांनी शेवटच्या रसपुरीचा केक बशीतून पुढे केला.

“अम्मा,” नरसिंहमूर्ती घर न्याहाळत म्हणाले, “देवापुढे उदबत्तीसुद्धा नाही! केसात मल्लिगे नाही! केवढा त्याग. रावांचं नाक या वयात तरुण होतंय ते सुम्ने नाही, उगाच नाही. अशा नाकाला निवृत्ती कसली देता? मी सोडणार नाही. त्यांना दम आहे तोवर नोकरी त्यांची. आय्तु, ठरलं!”

तिरुमलरावांनी बायकोकडे बघितलं. नेहमी मालकाच्या भुवईकडे बघायचे, तसं.

वनजाबाईंची भुवई बराच वेळ हलली नाही. नवऱ्याचं नाक वाचवण्याच्या नादात आपण आपलीच सुटी खाल्ली, हे त्यांना बशी हातात असतानाच कळलं होतं. नाही म्हणावं? मग रावांची खरी गोष्ट बाहेर. हो म्हणावं? मग ट्रंकेला कुलूप. आणि त्याहून खोल कुठेतरी, कबूल करायला लाज वाटावी असं, त्यांना पुढच्या पट्ट्यांची उत्सुकता लागली होती.

“केक घ्या ना आणखी,” त्या म्हणाल्या, आणि भुवई किंचित वर गेली. तिरुमलरावांनी मान डोलावली.

पाहुणे गेले. साबणाची पेटी ट्रंकेत मावेना, म्हणून ती ट्रंकेवरच ठेवावी लागली. तेवढ्यात दाराशी फुलवाली आली. मागोमाग कृष्णवेणी, बातमी काढायला. “काय म्हणता, आणखी नोकरी? मग तुमचा जन्म अबोलीतच गेला म्हणा की, अक्का!”

तिरुमलरावांना भरून आलं. त्यांनी स्वतः टोपलीतला मोगऱ्याचा भरगच्च गजरा उचलला आणि बायकोपुढे धरला. हलक्या आवाजात म्हणाले, “घे गं. मला कसला त्रास होणार आहे आता?”

“लांब धरा तो आधी,” वनजाबाईंनी पदर नाकाला लावला. “तुम्हाला नाही, मला होतो. उद्या नवे नमुने यायचेत.”