ड्रॉइंगांना लावलेलं कुलूप

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी ड्रॉइंगं काढायचे. मागाचे सुटे भाग, पंपाच्या बॉड्या, चरकाची चाकं, जे काम येईल ते. आधी बोर्डवर टी-स्क्वेअर लावून, मग कॉम्प्युटरवर. आयटीआयची ड्राफ्ट्समन झालेली आमच्या वस्तीतली मी पहिली मुलगी. नव्वद-एक्याण्णवला कामाला लागले तेव्हा लेथवरची माणसं मशीन बंद करून बघायला आली होती, बाई ड्रॉइंग काढते म्हणजे नेमकं करते तरी काय. त्यांना मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. तोंड माझं पहिल्यापासून फाटकं. कारखान्यांच्या त्या गल्लीत फाटक्या तोंडाशिवाय बाईचा निभाव लागत नाही, हे मी आजही म्हणते.

कागदाचा मला भयंकर वैताग होता. ड्रॉइंगची अमोनियावर काढलेली निळी प्रिंट दोन वर्षांत फिकट पडायची, घडीवर फाटायची, आणि प्रत्येकाच्या तेलकट बोटांचे ठसे बरोबर मापावरच उमटायचे. अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला मालकांनी कॉम्प्युटर घेतला. मी राजारामपुरीत एका क्लासला जाऊन ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकले आणि पुढची तीन-चार वर्षं एकेक जुनं ड्रॉइंग त्यात परत काढलं. सगळी काढून झाल्यावर मालकांच्या मागं लागले, की माळ्यावरचे कागद आता रद्दीत घाला.

"असू देत की बाई, काय खातंय काय?" मालक म्हणाले.

"वाळवी खातीया की," मी म्हटलं.

महिनाभर मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी रद्दीवाला दोन हातगाड्या भरून सगळं घेऊन गेला.

आमच्याकडं लाकडी पॅटर्न करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांच्या पॅटर्नवरून वाळूत साचा पडायचा आणि मग ओतकाम. हात असा की बघत राहावं. पण हा माणूस कुणालाही सगळी मापं सांगायचा नाही. एखादं तरी स्वतःकडं ठेवायचाच. मी चिडायचे, ड्रॉइंग पुरं कसं करू म्हणून भांडायचे. ते हसायचे. "समदी मापं कागदावर गेली की मिस्त्री घरला गेला, पोरी." मला तेव्हा तो निव्वळ हलकटपणा वाटायचा.

मग मालकांच्या मुलीचं लग्न झालं आणि जावई कारखान्यात यायला लागले. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेले. सगळे त्यांना पावणं म्हणायचे, मीही म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण हे आज म्हणते. तेव्हा मला तो डोळ्यासमोर नको व्हायचा. मी डबा खायला उठले की माझ्या खुर्चीत येऊन बसायचे आणि माझी ड्रॉइंगं उघडून बघायचे. "चालू दे बाई तुमचं जेवण, मी नुस्तं बघतोय." एक दिवस मालक जाता जाता म्हणाले, "बाई, पावण्यांस्नी समदं दावून ठेवा हं."

दावून ठेवा! घरात पगार माझा एकटीचा. वडील रिटायर, भाऊ अजून शिकत होता. सगळं दाखवून झाल्यावर ह्यांना माझी काय गरज, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. त्याच दुपारी मी कॉम्प्युटरवर माझ्या नावाला पासवर्ड घातला. तेव्हा स्क्रीनवर एक खिडकी उघडली. तुमचं फोल्डर प्रायव्हेट करायचं का, असं तिनं विचारलं. दोन बटणं होती. मी 'येस' दाबलं.

मिस्त्री एखादं माप ठेवून घ्यायचे. मी सगळीच ठेवली, आणि तीही मालकाची. पावण्यांना सांगितलं, "मशीनच तसं हाय. काय पाहिजे ते सांगा, प्रिंट मिळंल." त्यांनी मान हलवली. वर्षभर तसंच चाललं आणि कुणाला काही कळलं नाही.

दोन हजार पाचच्या आसपास त्या मशिनचा बोर्ड उडाला. बटण दाबलं की नुसता पंखा घुंई करायचा, बाकी काही नाही. मालकांनी नवीन कॉम्प्युटर घेतला. बसवायला आला तो आमचा नेहमीचा कॉम्प्युटरवाला. जुनं मशीनही त्यानंच बसवलं होतं. चाळिशीतला, नेसरीकडचा, स्कूटरवरून पिशवी घेऊन येणारा. उद्यमनगरातल्या दहा-बारा कारखान्यांची कामं त्याच्याकडं होती. बोलायचा इतका हळू की दोनदा विचारावं लागायचं, आणि दोनदा विचारायला मला आवडत नाही.

त्यानं जुन्या मशिनमधली डिस्क काढली आणि नवीन मशिनला दुसरी डिस्क म्हणून जोडली. ऑफिसची पत्रं आली, कोटेशनं आली, मालकांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आले. मग त्यानं माझ्या फोल्डरवर क्लिक केलं. ॲक्सेस इज डिनाइड. परत केलं. परत तेच. फोल्डर किती मोठं आहे ते बघितलं, तर शून्य. माझी सात वर्षं, आणि मशीन म्हणतंय शून्य.

"ताई," तो म्हणाला, "ह्या फोल्डरला कुणी प्रायव्हेट-बिव्हेट केलतं का?"

मालक माझ्या उजवीकडं उभे होते, पावणं डावीकडं. मला लख्ख आठवलं, ती खिडकी, ती दोन बटणं. तोंड उघडलं आणि आतून आलं, "न्हाय."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. "बरं," म्हणाला आणि कामाला लागला.

आता हे तीन दिवस कसे गेले म्हणून सांगू! इचलकरंजीच्या एका मागवाल्याला गिअरचं कास्टिंग पाहिजे होतं. त्याचे माग बंद पडलेले, तो सकाळ-संध्याकाळ फोनवर बोंबलत होता. ड्रॉइंग त्या फोल्डरमध्ये. कागद रद्दीत, तोही माझ्याच हट्टानं. कॉम्प्युटरवाला बिचारा व्हायरस शोधत बसला, कारण प्रायव्हेट नसेल तर मग दुसरं काय असणार? स्कॅन लावला की चार तास. दोन तास झाले की लोडशेडिंग. यूपीएस कोकलायला लागला की मशीन बंद करायचं आणि लाइट आल्यावर पहिल्यापासून सुरुवात. मग डिस्क खराब झाली का ते तपासलं. मग वायर बदलली. मग डिस्क काढून पुसून परत लावली. जुन्या मशिनमध्ये परत बसवून बघावी तर त्याचा बोर्ड गेलेला. तीच डिस्क पहिली म्हणून लावून नवीन मशीन चालू केलं, तर निळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं.

आणि मी त्याच्या डोक्यावर उभी राहून ओरडत होते. ओरडायला माझ्याकडं कमी नव्हतं. "येत न्हाय तर येत न्हाय म्हणा की!" "सात वर्षांचं काम हाय माझं, खेळ वाटला व्हय?" "कुणी घातलंय तुमास्नी ह्या धंद्यात?" तो म्हणायचा, "बघतोय की ताई." त्याच्या त्या 'बघतोय की'नं माझं डोकं आणखी फिरायचं. खरं सांगायचं तर राग ह्याचाच होता, की हा गडी माझी लबाडी मला न विचारता, गुपचूप शोधून निस्तरत का नाही. एवढा शहाणा आहे तर कळू नये?

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी एकटी बसले. नवीन मशिनवर माझ्या नावाचं खातं काढलं. तेच नाव, तेच स्पेलिंग, तोच पासवर्ड. आता तर उघडायलाच पाहिजे. क्लिक केलं. ॲक्सेस इज डिनाइड. अरे मेल्या, मीच ती! मीच कुलूप घातलं, मीच आलेय, आणि तू मलाच ओळखत नाहीस? टेबलावर अशी मूठ आपटली की चहाचा ग्लास कलंडला. रडू आलं ते रागानं आलं. चहा पुसला आणि ते खातं काढून टाकलं, कुणाला दिसू नये म्हणून.

त्या दिवशी संध्याकाळी मालक माझ्या टेबलाशी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "बाई, कागद असते तर हो." तेवढंच. पावणं म्हणाले, "मामा, माझा एक मित्र हाय, डिप्लोमाचाच. आम्ही दोघं पॅटर्नवरनं मापं घेऊन समदं नव्यानं काढतो की. बाईंस्नी कशाला तरास?" मालक नाही म्हणाले नाहीत. घरी जाताना बसमध्ये मला कळून चुकलं की खुर्ची गेली. जिच्यासाठी कुलूप घातलं, ती त्या कुलपापायीच चालली होती. त्या रात्री आईनं दोनदा विचारलं, जेवणार का म्हणून. तिच्यावरही ओरडले.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाला सकाळी लवकर आला. पुण्याला कुणाला तरी फोन करून विचारलं होतं म्हणे. मशीन सेफ मोडमध्ये चालू केलं. त्या मोडमध्ये स्क्रीन मोठाड आणि भकास दिसते. माझ्या फोल्डरवर राइट क्लिक केलं, तर काल तिथं नसलेलं एक पान दिसलं, सिक्युरिटी म्हणून. त्याच्या आत आणखी एक पान, फोल्डरचा मालक कोण ते सांगणारं. तिथं कुणाचं नाव नव्हतं, नुसता लांबलचक आकडा. तो म्हणाला, प्रत्येक खात्याला मशीन आतून एक नंबर देतं आणि कुलूप त्या नंबराला असतं, नावाला नाही. नवीन मशिनवर तेच नाव घातलं तरी नंबर वेगळाच पडतो. मी मान खाली घालून ऐकत होते. त्यानं मालकी बदलली, आतल्या सगळ्या फायलींना लागू केली आणि ओके दाबलं. फायलींची नावं भराभरा सरकायला लागली. माझी नावं, मी दिलेली. थांबल्यावर त्यानं गिअरचं ड्रॉइंग उघडलं. एकही रेघ हललेली नव्हती. मी खुर्चीला धरून उभी राहिले.

तोवर मालक आणि पावणं आत आले होते. मालकांनी ड्रॉइंग बघितलं, मोठा श्वास सोडला आणि विचारलं, "मग झालतं काय?"

"फोल्डर प्रायव्हेट केलेलं हुतं," तो म्हणाला.

"कुणी केलतं?"

पावण्यांनी माझ्याकडं बघितलं. कॉम्प्युटरवाल्यानंही बघितलं. त्याला पहिल्या दिवशीच संशय आला असणार, त्याच्या नजरेवरून मला ते तेव्हाच कळलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो फक्त थांबला. मी बोलावं म्हणून चांगला थांबला. बाहेर लेथ चालू होती, तिचा आवाज मला आजही ऐकू येतो. तीन दिवस ज्या तोंडानं मी त्याला फाडून खाल्लं, ते तोंड उघडेना.

"जुनं मशीन मीच बसवलं हुतं न्हवं," तो शेवटी म्हणाला. "त्या टायमाला माझ्याच हातनं दाबलं गेलं असंल."

मग मालक सुटले. "तीन दिवस! तीन दिवस माझा धंदा बसवलास आणि आता म्हनतोस हातनं दाबलं गेलं? लाज हाय का? त्या मागवाल्याच्या शिव्या कुणी खाल्ल्या? चल उचल तुझं सामान, परत ह्या दारात दिसू नगंस!" तो ऐकत स्क्रू गोळा करत होता. कॅबिनेटचं झाकण नीट बसवलं, चारही स्क्रू पिळले. पिशवी उचलली. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "आता समद्यांना उघडतंय ताई, पासवर्ड लागत न्हाय." आणि गेला.

खुर्ची राहिली. ड्रॉइंगं पावण्यांनी आठवडाभर चाळली, मग कंटाळले. त्यांचा जीव बाहेर फिरून ऑर्डरी आणण्यात होता. माझ्या खुर्चीत त्यांना काही गोडी नव्हती. त्या खुर्चीत मी पुढं कितीतरी वर्षं बसले आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. घरात नाही, आईबरोबर विहारात जायचे तिथंही नाही. कॉम्प्युटरवाल्याचं छोटं दुकान वाटेवरच होतं, तिथून जायची वेळ आली की मी पलीकडच्या बाजूनं जायचे.

मालकांनी त्याला हाकलल्यावर पंधरा दिवसांनी शेजारच्या फौंड्रीचे मालक माझ्या टेबलाशी आले. त्यांनाही नवीन कॉम्प्युटर बसवायचा होता. त्यांनी माझ्या नवीन मशिनवर हात ठेवला. "काय वं बाई," ते म्हणाले, "तुमचा तो नेसरीकडचा माणूस कसा हाय? कायबाय ऐकतोय त्याच्याबद्दल. तुमी कॉम्प्युटरवर असता, तुमास्नी ठावं असंल. द्यावं का काम?"

"मालकांना विचारा," मी म्हटलं, आणि ते आत विचारायला गेले.